लस टोचूनही वगारींना घटसर्प किंवा न्यूमोनिया होतो तेव्हा काय तपासावे

“लस तर टोचली होती, तरीही वगार गेली,” ही घटसर्पाच्या, म्हणजे गाई-म्हशींचा गळा सुजवून श्वास कोंडणाऱ्या जंतुजन्य रोगाच्या लसीबद्दलची तक्रार मृग लागला की गोठ्यागोठ्यांतून ऐकू येऊ लागते. बाजारातून किंवा परराज्यातून आणलेल्या वगारी, रेडके आणि कालवडी एकाच शेडमध्ये एकत्र वाढवणाऱ्यांकडे ती अधिक येते, कारण तेथे चार ठिकाणची जनावरे प्रथमच एकमेकांच्या श्वासाच्या टप्प्यात येतात. गोठ्यांवरील लसीकरणाचे काम पाहताना हा दोष मी पुन्हा पुन्हा शोधला आहे आणि माझे मत असे झाले आहे की बाटलीतील लस मुळातच निकृष्ट निघाल्याचे प्रसंग थोडे असतात. बहुतेक वेळा लस चुकीच्या दिवशी टोचलेली असते. त्याखालोखाल साठवणूक आणि सुई यांचा दोष निघतो, आणि काही गोठ्यांत तर आजार घटसर्पाचा नसतोच. म्हणून पुढील तपासण्या फुकटात होणाऱ्या गोष्टींपासून सुरू करून खर्चिक गोष्टींकडे नेल्या आहेत. जनावर या क्षणी आजारी असेल, तर मात्र आधी शेवटचा भाग वाचावा आणि डॉक्टरांना बोलवावे. कारण शोधण्याचे काम त्यानंतरही करता येते.

लक्षणे

घटसर्पात पहिले काही तास फारसे काही दिसत नाही. वगार गव्हाणीपासून मागे सरकून उभी राहते, रवंथ थांबवते, कान पाडते. त्याच वेळी थर्मामीटर लावला तर ताप १०४ ते १०७ अंश फॅरेनहाइटपर्यंत गेलेला आढळतो. मग तोंडातून लाळेच्या तारा लोंबू लागतात, डोळे लाल होतात आणि गळ्याखाली गरम, दुखरी सूज येते, जी पुढे पोळीपर्यंत (मानेखाली लोंबणाऱ्या कातडीपर्यंत) उतरते. सुजेमुळे श्वासनलिका दाबली जाते, जनावर मान ताणून, जीभ बाहेर काढून श्वास घेते आणि घरघर दावणीच्या दुसऱ्या टोकापर्यंत ऐकू येते. येथून पुढे अनेक जनावरे २४ तासही काढत नाहीत. गाईंपेक्षा म्हशी या रोगाला लवकर बळी पडतात आणि त्यांतही ६ महिने ते २ वर्षे वयाची जनावरे अधिक.

दुसरा नमुना वेगळा असतो. जनावरे उतरवल्यापासून साधारण आठ-दहा दिवसांत एकापाठोपाठ एक खोकू लागतात, नाकातून आधी पातळ आणि मग घट्ट शेंबूड येतो, ताप १०४ च्या आसपास राहतो, बरगड्या भात्यासारख्या हलतात, पण गळ्याला सूज नसते. हा प्रवासानंतरचा फुप्फुसदाह असतो. तिसऱ्या नमुन्यात ताप फारसा नसतो, खोकला महिनाभर रेंगाळतो आणि वजन वाढत नाही. आपल्या गोठ्यात यांपैकी कोणता नमुना आहे हे प्रथम वहीत लिहून ठेवावे, कारण कोणत्या तपासणीवर अधिक वेळ द्यायचा हे त्यावरच ठरते.

१. तारखा शेजारी शेजारी लिहा

या तपासणीला पैसा लागत नाही, आणि निम्म्याहून अधिक वेळा उत्तर येथेच मिळते असा माझा अनुभव आहे. प्रत्येक जनावराच्या कानातील बिल्ल्याच्या १२ अंकी क्रमांकापुढे चार तारखा लिहाव्यात: जन्माची किंवा अंदाजे वयाची, गोठ्यात आल्याची, लस टोचल्याची आणि पहिल्यांदा ताप आल्याची.

लस टोचल्यापासून अंगात पुरेशी प्रतिकारशक्ती तयार व्हायला दोन ते तीन आठवडे लागतात. लस आणि ताप यांत १४ दिवसांपेक्षा कमी अंतर असेल, तर लस निकामी ठरली असे म्हणता येत नाही, कारण तिला काम करायला वेळच मिळालेला नाही. हरियाणातून मुऱ्हा किंवा गुजरातमधून जाफराबादी वगारी दीड-दोन दिवस ट्रकमध्ये उभ्या राहून येतात, किंवा घोडेगावच्या बाजारात दिवसभर शेकडो जनावरांत बांधलेल्या असतात. पाणी कमी, वैरण तुटलेली, झोप नाही. घटसर्पाचा जंतू काही धडधाकट जनावरांच्या घशातील टॉन्सिलमध्ये लपून राहतो आणि अशा ताणात तेथूनच उचल खातो. ट्रकमधून उतरवता उतरवता लस टोचली की मालकाला काम उरकल्याचे समाधान मिळते. पण ताणाखाली असलेले शरीर लसीला पुरता प्रतिसाद देत नाही, आणि ज्या आठवड्यात धोका सर्वाधिक असतो तोच आठवडा विनासंरक्षण जातो.

विकणाऱ्याने “लस झालेली आहे” असे सांगितले, तर त्या शब्दावर थांबू नये. बिल्ल्याचा क्रमांक पशुवैद्यकीय दवाखान्यात द्यावा आणि त्या क्रमांकावर लसीची नोंद आहे का, असल्यास कोणत्या लसीची व कोणत्या तारखेची, हे पाहायला सांगावे. लाळ्या खुरकूताची लस झालेली असते आणि सांगणारा तिलाच सरसकट “लस” म्हणत असतो, असे अनेकदा आढळते.

तारखांमधून आणखी एक खड्डा दिसतो आणि तो घरच्या पारडांच्या बाबतीत विशेष आहे. मान्सूनपूर्व लसीकरण मोहीम मे-जूनमध्ये होते आणि पहिली लस साधारणपणे ६ महिन्यांच्या वयाला दिली जाते. मे महिन्यात चार महिन्यांचे असलेले पारडू लहान म्हणून वगळले जाते. आईच्या चिकातून मिळालेले संरक्षण ओसरत असताना, ऐन पावसात, ते ६ महिने पूर्ण करते आणि तोवर मोहिमेची माणसे गावातून गेलेली असतात. वगळलेल्या जनावरांची नावे त्याच दिवशी वेगळ्या पानावर लिहून त्यांची स्वतंत्र तारीख ठरवल्याशिवाय हा खड्डा बुजत नाही. जेथे घटसर्प दरवर्षी येतो, तेथे कमी वयात लस सुरू करून पुढे बूस्टर (त्याच लसीची पुढची मात्रा) द्यायचा का, हा निर्णय डॉक्टरांना विचारून घ्यावा.

२. बाटलीवरचे लेबल वाचा

रिकामी बाटली किंवा तिचा फोटो हाताशी असेल तर ही तपासणीही फुकट होते. लस कोणत्या रोगाची, तुरटीयुक्त की तेलयुक्त, मात्रा किती, कातडीखाली द्यायची की स्नायूत, मुदत कोणती आणि बॅच क्रमांक काय, एवढे उतरून घ्यावे.

तुरटीयुक्त लसीचे संरक्षण साधारण चार ते सहा महिने टिकते, तर तेलयुक्त लसीचे नऊ महिने ते वर्षभर. एप्रिलच्या सुरुवातीला तुरटीयुक्त लस टोचून ऑक्टोबरच्या परतीच्या पावसात घटसर्प आला, तर त्यात नवल नाही. पहिल्यांदाच लस घेणाऱ्या जनावराला लेबलवर बूस्टर सांगितलेला असेल, तर तो वगळणे म्हणजे लस अर्धवट सोडणे होय. मात्रेच्या बाबतीत एकाच बाटलीत जास्त जनावरे बसवण्याची सवय मला सर्वांत घातक वाटते. अर्ध्या मात्रेने अर्धे संरक्षण मिळते अशी समजूत आहे, प्रत्यक्षात पुरेशी प्रतिकारशक्ती निर्माणच न होण्याची शक्यता असते.

याच ठिकाणी लसीची मर्यादाही समजून घ्यावी. आपल्याकडील घटसर्पाची लस पाश्चुरेला मल्टोसिडा या जंतूच्या बी:२ प्रकाराविरुद्ध बनवलेली असते. सोबत फऱ्याची (मांसल भागाला सूज आणणाऱ्या दुसऱ्या रोगाची) लस असली, तर ती फऱ्यापुरती काम करते. अमेरिकेतील टेक्सास किंवा नेब्रास्कातील मोठ्या फीडलॉटमध्ये (मांसासाठी जनावरे पोसण्याच्या गोठ्यांत) वासरांना श्वसनाच्या रोगांविरुद्ध दिल्या जाणाऱ्या लशी वेगळ्या आहेत. त्यांत आयबीआर, पीआय-३, बीआरएसव्ही आणि बीव्हीडी हे विषाणू धरलेले असतात आणि अनेकदा मॅनहायमिया हीमोलिटिका या जंतूची लसही जोडलेली असते. त्यामुळे तिकडचे वेळापत्रक इंटरनेटवरून उतरवून आपल्या घटसर्पाच्या बाटलीला लावणे चुकीचे ठरेल. तिकडची एक पद्धत मात्र आपल्यालाही लागू पडते: तेथील जाणकार पशुपालक वासरू आईपासून तोडल्यावर सुमारे ४५ दिवस मूळ ठिकाणीच ठेवतात, तेथेच लस देतात, गव्हाणीची सवय लावतात आणि मगच ट्रकमध्ये चढवतात. ओळखीच्या विक्रेत्याकडून वगारी घेणार असाल, तर उचलण्यापूर्वी तीन-चार आठवडे त्याच्याच गोठ्यात लस टोचून घेण्याची अट घालावी. सौदा थोडा महाग पडतो, पण एक वगार वाचली तरी तो फरक भरून निघतो.

३. लस कोठून कशी आली ते विचारा

लस तयार झाल्यापासून सुईत भरेपर्यंत २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये राहायला हवी. उन्हाने ती बिघडते हे सर्वांना माहीत असते, पण गोठल्याने बिघडते हे फार थोड्यांना ठाऊक असते. घरच्या फ्रिजमध्ये बर्फाच्या कप्प्याला चिकटून ठेवलेली बाटली, किंवा थर्माकोलच्या डब्यात थेट बर्फाच्या लादीवर आडवी टाकलेली बाटली गोठते आणि नंतर वितळून अगदी नेहमीसारखी दिसते.

बाटली जवळ असेल तर ती उजेडासमोर धरावी. तेलयुक्त लस दुधासारखी एकजीव पांढरी दिसायला हवी. तीत पाण्याचा आणि तेलाचा थर स्पष्ट वेगळा झालेला असेल आणि हलवूनही तो एकजीव होत नसेल, तर ती वापरू नये. तुरटीयुक्त लसीत तळाशी साका बसणे स्वाभाविक आहे. तो हलवल्यावर सारखा मिसळला पाहिजे आणि काही वेळ तरंगत राहिला पाहिजे. गुठळ्या दिसल्या किंवा साका झपाट्याने तळाला बसला, तर बाटली गोठून गेली असावी असे समजावे. न हलवता भरलेल्या बाटलीत पहिल्या जनावरांना नुसते पाणी आणि शेवटच्यांना सगळा साका मिळतो. म्हणून आजारी पडलेली जनावरे रांगेत सुरुवातीला बांधलेली होती का, हेही पाहावे.

फ्रिजमध्ये ठेवण्याचा साधा थर्मामीटर फारसा महाग नसतो. तो मधल्या कप्प्यात ठेवून सकाळ-संध्याकाळ आकडा लिहावा. भारनियमनाच्या भागात या एका कागदाने अनेक वाद मिटतात. उघडलेली बाटली पुढच्या आठवड्यासाठी ठेवू नये. पहिल्या सुईबरोबर तिच्यात बाहेरची हवा आणि जंतू शिरलेले असतात.

४. सुई, सिरिंज आणि हात

येथे थोडा खर्च आहे. तेलयुक्त लस घट्ट असते, बारीक सुईतून ती नीट उतरत नाही आणि घाईत अर्धी मात्रा केसांवर सांडते. टोचल्यावर मानेवर ओघळ दिसला, तर ते जनावर लस न झालेले समजावे आणि पुढे काय करायचे ते डॉक्टरांना विचारावे. स्नायूत द्यायची लस आखूड सुईने चरबीत राहते, तर कातडीखाली द्यायची लस लांब सुईने खोल जाते. लसीची जागा सहसा मानेवर असते, मांडीवर टोचण्याची जुनी सवय सोडून द्यावी.

आपोआप भरणारी सिरिंज वापरत असाल, तर तिची मात्रा वर्षातून एकदा तरी साध्या मोजमापाच्या सिरिंजमध्ये रिकामी करून पडताळावी. रबरी वॉशर झिजला की दांडा पूर्ण दाबूनही ठरलेले मिलिलिटर बाहेर पडत नाहीत आणि हे बाहेरून कळत नाही. प्रत्येक जनावराला स्वतंत्र सुई हा आग्रह मी सोडत नाही, कारण एकाच सुईने संपूर्ण दावण टोचली तर रक्तातून पसरणारे रोग आपणच वाटत जातो.

५. जनावर लस घेण्याच्या स्थितीत होते का

लस टोचण्याच्या सकाळी प्रत्येक जनावराचा ताप पाहण्याची सवय लावून घ्यावी. १०३ च्या वर आकडा असेल, तर त्या जनावराला त्या दिवशी बाजूला काढावे. अंगात आधीच रोग शिरलेला असताना टोचलेली लस त्याला वाचवत नाही, आणि ते दगावले की दोष लसीवर येतो.

जंतांनी पोखरलेले, पोट सुटलेले, केस उभे राहिलेले पारडू लसीला कमी प्रतिसाद देते. शेणाची तपासणी करून लसीच्या आठ-दहा दिवस आधी जंतनाशक द्यावे. म्हशींच्या बाबतीत सर्रा हा रोग विशेष ध्यानात ठेवावा. चावऱ्या माश्यांतून पसरणारा हा परजीवी रक्तात असताना घटसर्पाच्या लसीचा परिणाम घटतो, असे अभ्यासांतून दिसलेले आहे. ज्या गोठ्यात वगारी मधूनमधून तापतात, वाळत जातात आणि दरवर्षी लस “लागत नाही”, तेथे रक्ताची काच (काचपट्टीवर पसरलेला रक्ताचा थेंब) तपासायला पाठवणे हे मी लस बदलण्याच्या आधी सुचवतो.

नव्या जनावरांसाठी मी धरतो तो क्रम असा आहे. उतरवल्यावर पहिला दिवस पाणी, सुकी वैरण आणि विश्रांती. जुन्या दावणीपासून दूर, वेगळ्या गव्हाणीवर आणि वेगळ्या बादलीवर किमान २१ दिवस. पहिले दहा दिवस सकाळ-संध्याकाळ ताप. शेणाची तपासणी पहिल्या आठवड्यात. ताप नसलेल्या आणि नीट खाणाऱ्या जनावरांना सात ते दहा दिवसांनी लस, आणि त्यानंतर दोन-तीन आठवडे होईपर्यंत जुन्या जनावरांत मिसळणे नाही. गावात किंवा शेजारी घटसर्प सुरू झालेला असेल, तर हा क्रम बाजूला ठेवून धडधाकट जनावरांना लगेच लस द्यायची का, हे डॉक्टर ठरवतील. तो निर्णय आपण घेऊ नये.

६. शेडची हवा आणि पाजण्याची पद्धत

दुसऱ्या आणि तिसऱ्या नमुन्याचा खोकला असेल, तर पहाटे शेड उघडण्यापूर्वी आत जावे आणि बसलेल्या वासराच्या नाकाच्या उंचीवर गुडघे टेकून दोन मिनिटे श्वास घ्यावा. डोळे चुरचुरले तर मुताचा अमोनिया तेथे साचतो आहे. उभ्या माणसाला तो जाणवत नाही, वासरू मात्र रात्रभर त्यातच असते. अमोनियाने श्वासनलिकेचे आतील अस्तर सोलवटते आणि जंतूंना फुप्फुसात उतरायला वाट मिळते. पावसाची झड अडवण्यासाठी चारही बाजूंनी ताडपत्री बांधलेली असेल, तर वरची हातभर पट्टी उघडी ठेवावी, जमीन कोरडी करावी आणि गर्दी कमी करावी.

बांबूच्या नाळीने किंवा बाटलीने तेल, ताक, काढा पाजताना जीभ ओढून धरली आणि मान फार वर केली, तर औषध थेट फुप्फुसात जाते. पाजल्यावर ठसका लागला आणि दोन-तीन दिवसांत ताप, खोकला व श्वासाला दुर्गंधी आली, तर तो पाजण्यामुळे झालेला न्यूमोनिया आहे. त्याविरुद्ध कोणतीही लस नाही.

७. रोग कोणता आहे याची प्रयोगशाळेत खात्री

वरील सर्व ठीक असूनही जनावरे पडत असतील, तर आता अंदाज थांबवावेत. संकरित कालवडींत जोराचा ताप, खांद्यासमोरची गाठ सुजणे आणि धाप लागणे हे गोचीड तापातही दिसते. चराऊ जनावरांचा रेंगाळणारा खोकला फुप्फुसातील जंतांचाही असू शकतो. मागच्या पायाच्या मांसल भागावर सूज असून दाबल्यावर चुरचुर आवाज येत असेल, तर फऱ्याचा संशय घ्यावा लागतो.

नमुना घेण्याचे काम डॉक्टरांचे आहे. मालकाने एवढेच सांभाळावे की नमुना घेतला जाईपर्यंत कपाटात उरलेले प्रतिजैविक टोचू नये, कारण एका इंजेक्शननंतरही जंतू सापडणे अवघड होते. जिवंत जनावराच्या रक्ताच्या काचेवर घटसर्पाचे जंतू दोन टोकांना गडद रंग घेतलेले दिसतात. जनावर दगावून काही तास उलटले असतील, तरी लांब नळीच्या हाडातील मगजात ते टिकून राहतात, म्हणून ते हाड नमुना म्हणून पाठवले जाते. जिल्हा पशुसर्वचिकित्सालयातून किंवा पुण्यात औंध येथील रोग अन्वेषण विभागाकडून निदान होऊ शकते.

स्वतःचे प्रयत्न कोठे थांबवावेत

ताप १०४ च्या वर गेला, जनावराने वैरण सोडली किंवा गळ्याखाली थोडीही सूज दिसली, की त्याच तासाला डॉक्टरांना बोलवावे. जवळ कोणी नसेल, तर १९६२ या क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची मागणी करावी. घटसर्पात उपचाराची खरी संधी ताप चढतानाच असते. घरघर सुरू झाल्यावर दिलेले औषध क्वचितच उपयोगी पडते. गळ्याच्या सुजेवर डाग देणे, चिरा मारणे किंवा तोंडातून काढा ओतणे यांनी श्वास आणखी कोंडतो.

लस टोचल्यावर काही मिनिटांत जनावर थरथरले, अंगावर गांधी उठल्या, तोंडाला फेस आला किंवा ते खाली बसले, तर ती तीव्र ॲलर्जी असते. म्हणूनच लस टोचणाऱ्याजवळ ॲड्रेनॅलिन (अशा ॲलर्जीवरचे तातडीचे इंजेक्शन) असल्याची आधी खात्री करून घ्यावी आणि टोचल्यानंतर अर्धा तास तरी त्याला जाऊ देऊ नये. दोन दिवसांचा हलका ताप, टोचल्या जागी गाठ आणि दुधात थोडी घट यांना घाबरण्याचे कारण नाही.

जनावर अचानक मेले आणि नाक, तोंड किंवा गुदद्वारातून काळपट, न गोठणारे रक्त येत असेल, तर त्याला हात लावू नये, कातडे काढू नये आणि फाडूही नये. ते लक्षण फाशी रोगाचे (अँथ्रॅक्सचे) असू शकते आणि तो माणसाला होतो. अशा वेळी डॉक्टर येईपर्यंत कुत्रे आणि माणसे दोन्ही दूर ठेवावीत. घटसर्पाचा संशय असेल, तर २००९ च्या प्राण्यांमधील संक्रामक व सांसर्गिक रोगांच्या कायद्यानुसार कळवणे हे मालकाचे कर्तव्य आहे. शेजारच्या गोठ्यांना त्याच दिवशी सांगावे, आजारी जनावरांची विक्री करू नये आणि त्यांना सामाईक हौदावर नेऊ नये.

डॉक्टर येतील तेव्हा तारखांचे पान, फ्रिजच्या आकड्यांचा कागद आणि बिल्ल्यांचे क्रमांक त्यांच्यापुढे ठेवावेत. त्या खेपेची उरलेली बाटली, अर्धी असली तरी, फेकून न देता लेबलासह थंड ठेवावी आणि बॅच क्रमांक दवाखान्यात लिहून द्यावा. त्याच बॅचबद्दल दुसऱ्या गावातूनही तक्रार आली, तर ती पडताळण्यासाठी तीच बाटली लागते.